बाईंनी बांधलेलं पुडकं

बाई पुस्तकं काढायच्या, पण लेखकाला त्याचं पुस्तक आधी बघू द्यायच्या नाहीत. दुसरे प्रकाशक आठवडाभर आधी चार प्रती लेखकाच्या घरी पाठवतात. लेखक त्या उशाशी घेऊन झोपतो आणि कार्यक्रमात पुन्हा पहिल्यांदाच बघितल्यासारखं तोंड करतो. बाईंकडं तसलं नाटक चालायचं नाही. छापखान्यातून गठ्ठे आले की त्यातली एक प्रत त्या बाजूला काढायच्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वरून पांढरा दोरा उभा-आडवा फिरवून गाठ मारायच्या. ते पुडकं मग थेट कार्यक्रमातच बाहेर यायचं. गाठ अशी, की सुटं टोक धरून एक हिसका दिला की सगळा दोरा गळून पडायचा आणि कागद आपोआप उघडायचा. चिकटपट्टी नाही, कात्री नाही, चमकीचा कागद नाही. आमच्या बदलापुरात पोरं त्यांना पुडकेवाल्या बाईच म्हणायची.

पुडकं सुटायच्या वेळी सगळा हॉल पुस्तकाकडं बघायचा. बाई बघायच्या लेखकाच्या तोंडाकडं. त्यासाठी त्या मुद्दाम स्टेजच्या कडेला, टेबलाच्या जरा पुढं उभ्या राहायच्या. एक रिटायर हेडमास्तर होते, जन्मात कुणाला हसून दाखवलं नसेल असे. स्वतःचं नाव कव्हरावर बघून त्यांचा खालचा ओठ लहान पोरासारखा बाहेर आला आणि पुढची पाच मिनिटं त्यांना माईकवर काही बोलताच येईना. बाई त्यांच्याकडं बघत नुसत्या उभ्या. मी एकदा विचारलं, एवढं काय बघता? तर म्हणाल्या, "मी त्या तोंडासाठी पुस्तकं काढते साईं. पुस्तक काय, नंतर कपाटातपण दिसतं. ते तोंड एकदाच दिसतं."

'साईं' म्हणायची सवय उल्हासनगरची. बाई मराठीच, पण वाढल्या फाळणीनंतर सिंधी लोकांसाठी वसलेल्या तिथल्या कॅम्पात. त्यांच्या वडलांचं तिथं किराणा दुकान, आजूबाजूला सगळी सिंधी दुकानदारी. शाळेतून आल्यावर बाई दुकानात बसून साखरेच्या, डाळीच्या पुड्या बांधायच्या. वरून दोऱ्याचं रीळ लोंबायचं, दोरा ओढायचा, गुंडाळायचा, तोडायचा. ती गाठ तिथली. पुढं त्या उल्हासनगरातच शाळेत शिकवायला लागल्या, रिटायर झाल्यावर बदलापुरात फ्लॅट घेऊन पुस्तकं काढायला लागल्या, तरी हात दुकानातलाच राहिला आणि जीभपण. लेखक, छापखानेवाला, रिक्षावाला, मी, सगळे साईं. पुस्तकांना माल म्हणायच्या. "पोरं म्हणजे सगळ्यात खडूस गिऱ्हाईक," असं त्या प्रत्येक नव्या लेखकाला आधीच बजावून ठेवायच्या. "मोठी माणसं माल आवडला नाही तरी टाळ्या वाजवतात. पोरं सू लागली म्हणून उठून जातात."

माझी आणि बाईंची ओळख भांडणातून झाली. अंबरनाथच्या कंपनीतून सुटल्यावर मी बदलापूर पश्चिमेला एका मंडळाच्या हॉलवर वॉचमन लागलो. हॉलची चावी माझ्याकडं. बारशी, साखरपुडे, योगाचे वर्ग, आणि महिन्यातला एखादा रविवार बाईंचा. सकाळी पोरांच्या पुस्तकाचा कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांच्या. असाच एक सकाळचा कार्यक्रम चालू. वेळ संपून गेलेली. साखरपुड्याची माणसं फुलांच्या टोपल्या घेऊन दारात ताटकळलेली. आत एक लेखिकाबाई पोरांना हत्तीची गोष्ट सांगतायत आणि हत्ती अजून नदीपर्यंतसुद्धा पोचलेला नाही. मी दोनदा खूण केली. कुणी बघेना. मग पंखे बंद केले.

बाई तरातरा माझ्यापाशी आल्या. "मामा, हत्तीला नदी तरी ओलांडू द्या."

"हत्तीला सांगायचं होतं वेळेत निघ म्हणून," मी म्हणालो. "पुढची पार्टी उभी आहे."

मला वाटलं आता या मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावणार. त्या वळल्या आणि पोरांना म्हणाल्या, "चला रे, हत्ती पार्किंगमध्ये गेला." सगळी पोरं त्यांच्यामागं बाहेर. स्कूटरींच्या मधल्या जागेत बसून हत्तीनं नदी ओलांडली. मी आतून लेखिकाबाईंसाठी एक खुर्ची नेऊन दिली, ती बाईंनी परत पाठवली. "पोरं खाली तर आपणपण खाली. आणि मामा, पंखे तुमचे, गोष्ट आमची." नियम तो नियम, आजही मी पंखे बंदच करीन. पण पुढच्या वेळी बाईंचं बुकिंग आलं तेव्हा त्यांच्या आधीच्या पार्टीला मी थोडं लवकर हलवलं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं.

खुर्च्या लावायच्या वेळी आमचं दर वेळी वाजायचं. मी माझ्या हिशोबानं पूर्ण रांगा लावायचो. बाई यायच्या आणि मागच्या दोन रांगा उचलायला लावायच्या. "रिकामी खुर्ची लेखकाला आधी दिसते साईं. माणसं उभी राहिली तर राहू दे. उभ्या माणसांनी हॉल भरतो." आणि खरंच, दहा-बारा माणसं भिंतीला टेकून उभी असली की कार्यक्रमाला काहीतरी मोठी गर्दी झाली असं वाटायचं. पुढं सतरंजी पोरांची. मोठ्यांच्या कार्यक्रमातपण सतरंजी काढायच्या नाहीत. एकदा इलेक्शनच्या तोंडावर एक पुढारी चार माणसं घेऊन आला, स्टेजवर खुर्ची मागायला लागला. गळ्यात आधीच हार, कुठून घालून आला होता कोण जाणे. बाई अगदी प्रेमानं म्हणाल्या, "या ना साहेब, जागा ठेवलीय," आणि सतरंजी दाखवली. साहेबाला घाईचं काम आठवलं. दारातून बाहेर पडताना त्याच्या माणसानं मला विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, शाळेच्या बाई आहेत, खाली बसवतात.

माझं पुस्तक निघालं ते एका लेखकाला उशीर झाला म्हणून. तो यायचा होता कल्याणकडून, गाडी शहाडच्या पुलावर अडकली. हॉलमध्ये पोरं भरलेली, आधी बडबड, मग मारामारी. बाई माझ्याकडं आल्या. "मामा, काहीतरी सांगा."

"मी काय सांगू? मी काय लेखक आहे?"

"लेखक पुलावर आहे. तुम्ही इथं आहात."

मी नाही म्हणालो. मग एका पोरानं दुसऱ्याच्या डोक्यात पाण्याची बाटली घातली, तेव्हा मी पुढं गेलो आणि दम भरायच्या ऐवजी तोंडातून वासराची गोष्ट निघाली. आमचा पाडा बारवी नदीच्या बाजूला. धरण झालं आणि पाडा पाण्यात गेला. मी चौथीत होतो. शाळाही पाण्यातच गेली, ती मला पुन्हा भेटली नाही. पाडा सोडला त्याच्या दोनच दिवस आधी आमची गाय व्याली होती. वासरू तांबडं, कपाळावर चांदवा, मागचा डावा पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत पांढरा, मोजा घातल्यासारखा. त्याला चालता येईना म्हणून मी त्याला मानेवर घेतलं. डोंगर चढेपर्यंत ते माझ्या मानेवर गरम लागत होतं. वर पोचलो तेव्हा थंड झालं होतं. गाय पुढचे कितीतरी दिवस पाण्याच्या काठाला जाऊन हंबरायची. तिला वाटायचं ते खाली राहिलं.

हे सगळं मी पोरांना सांगितलं. असं काही पोरांना सांगायचं असतं का, मला माहीत नव्हतं. मध्येच तो लेखक येऊन दारात उभा राहिला. बाईंनी त्याला हातानंच सतरंजीवर बसवलं, गोष्ट संपेपर्यंत उठू दिलं नाही.

कार्यक्रमानंतर खुर्च्या रचताना म्हणाल्या, "हे लिहा."

"मला नाय येत लिहायला."

"सही येते?"

"सही येते."

"मग हात वळतो. लिहा."

मला कुणी 'तुला येत नाही' म्हटलं की राग येतो, आणि मीच म्हटलं असलं तरी येतो. दोन पावसाळे मी लिहीत होतो, हॉलच्या दारातल्या टेबलाशी. वासराची गोष्ट, पाड्याची, आमच्या आजोळच्या विहिरीची, कंपनीतल्या भोंग्याची. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं होतं, बोलता तसं लिहा, माईकवर बोलल्यासारखं नको. माझे गावाकडचे शब्द त्यांनी बदलले नाहीत. एकाच जागी आमचं जुंपलं, आणि ते वासरापाशी. त्या शेवटावर बोट ठेवून बसल्या. मला वाटलं आता म्हणणार, पोरं रडतील, वासराला जगवा. मी आधीच म्हणालो, "बाई, वासरू मेलं होतं. ते मरणारच. पुस्तक नाय निघालं तरी चालेल."

"मरू दे ना," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एका ओळीत मारलंय. पोरांच्या पुस्तकात मरण चालतं साईं, घाई चालत नाही. पोर मानेवर वासरू घेऊन चालतंय. त्याला चालू द्या. त्याच्या मानेला काय लागतंय ते लिहा. हळूहळू गार होऊ द्या."

मी ते पान घरी नेलं. चार वेळा लिहिलं. चौथ्यांदा लिहिताना मला इतक्या वर्षांनी मानेवर ते वजन जाणवलं, आणि मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, काय झालं? म्हटलं, काय नाय, वासरू आलंय.

बाईंनी ते पान वाचलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "हे एकच पुस्तक आहे माझ्याकडं, ज्याला सकाळ-संध्याकाळ नको. पोरं आणि मोठी एकदमच बोलवू." चित्रं काढायला अंबरनाथची एक मुलगी होती. तिची-माझी गाठ पडू दिली नाही. वासराचं सगळं वर्णन बाईंनी माझ्याकडून ऐकून तिला सांगितलं. मी बजावलं, मागचा डावा पाय. उजवा नाही. बाई म्हणाल्या, "ऐकलं." मी म्हणालो, "चांदवा पण छोटा, रुपयाएवढा, मोठा नाही." त्या म्हणाल्या, "ऐकलं साईं."

त्याच वर्षात त्या बारीक व्हायला लागल्या. जिना चढून आल्या की दारातल्या माझ्या स्टुलावर बसायच्या, आधी कधी बसल्या नव्हत्या. मी विचारलं की म्हणायच्या, "ॲसिडिटी." त्यांची मुलगी ठाण्याला असते, ती दोन-तीनदा सोबत आलेली दिसली. तिचा चेहरा ॲसिडिटीचा नव्हता. पण बाईंना जे सांगायचं नाही ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं, आणि मी विचारत बसणाऱ्यातला नाही.

रविवार ठरला. गठ्ठे आले. बाईंचा फोन आला, "पुडकं बांधलं."

"कसं झालंय?"

"रविवारी बघा."

"वासराचं चित्र कव्हरावर आहे का?"

"रविवारी, साईं."

"बाई, पाय तेवढा सांगा. डावा आहे ना?"

फोनवर त्या हसल्या. मग खोकल्या. मग म्हणाल्या, "मी एवढी वर्षं लोकांची तोंडं बघितली. तुमचं बघायला मी थांबलेय. ते मला फोनवर वाया घालवायचं नाही."

त्या रविवारी मी पांढरा शर्ट घातला. हॉलची चावी दुसऱ्या वॉचमनकडं दिली, म्हटलं आज मी लेखक आहे. खुर्च्या मात्र मीच लावल्या, आणि मागच्या दोन रांगा मीच उचलल्या. पोरं आली, मोठी माणसं आली. आमच्या पाड्यावरची आता चिखलोलीत आणि बदलापुरात विखुरलेली माणसं आली, ज्यांनी आयुष्यात असला कार्यक्रम बघितला नव्हता. ती दारातच चपला काढून आत येत होती. भिंतीला माणसं उभी राहिली. बाईंची मुलगी एकटीच आली. तिच्या हातात पुडकं.

"काका, आईला पहाटे उल्हासनगरला ॲडमिट केलं. ती म्हणाली, कार्यक्रम थांबवायचा नाही. तुम्ही सुरू करा."

मी म्हणालो, "बाई आल्याशिवाय हे सुटणार नाही."

"काका, तिनंच सांगितलंय."

"त्यांनी सांगितलं असेल. मी सांगत नाही."

तिनं समजावलं. हेडमास्तरांनी समजावलं, तेही आले होते. आमच्या मंडळीनं डोळे वटारून बघितलं. मी स्टेजवर गेलो, माईक घेतला आणि म्हणालो, या पुस्तकाचा कार्यक्रम बाई बऱ्या होऊन आल्या की होईल, गठ्ठे तोपर्यंत बंद राहतील, आज आलात तर एक गोष्ट ऐकून जा. आणि आजोळच्या विहिरीची गोष्ट सांगितली. वासराची सांगितली नाही. लोक उठून गेले. काही हसत गेले, काही मला येडा म्हणत गेले. पुडकं मी छातीशी धरून बसलो होतो.

तिथून तसाच पांढऱ्या शर्टात उल्हासनगरला गेलो. बाई कॉटवर इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी बाजूच्या कॉटकडं गेलो. त्यांनीच हाक मारली. "साईं. झालं?"

"नाय केलं."

त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मला वाटलं चिडल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. "मला माहीत होतं," म्हणाल्या. "पोरीला मी म्हटलेलंच, तो ऐकणार नाही."

मी पुडकं पिशवीतून काढलं. म्हणालो, "मग इथंच सोडतो. तुम्ही बघा."

त्यांनी हात पुढं केला आणि गाठीवर ठेवला. सलाईन लावलेला हात. "इथं नको. इथं पोरं कुठायत? हॉल घ्या. पुढचा रविवार घ्या. मी येते."

"बाई, पुढच्या रविवारी हॉल लग्नाला दिलाय."

"मग पार्किंग घ्या."

आम्ही दोघं असे. एकानं हिसका द्यायचा होता, एकानं त्याचं तोंड बघायचं होतं, आणि दोघांनाही ते नीट, हॉलमध्ये, माणसांत हवं होतं. पुडकं मी परत पिशवीत घातलं. निघताना म्हणालो, "वासराला हळूहळू जायला सांगितलंत, तुम्हीपण घाई करू नका." त्यांनी मान हलवली. मी पार्किंगसाठी मंडळाच्या सेक्रेटरीशी बोललोसुद्धा. स्कूटरी दुसरीकडं लावायचं ठरलं.

रविवार यायच्या आधीच बाई गेल्या. घाई त्यांनी केली.

शोकसभा आमच्याच हॉलमध्ये. मुलीनं मला विचारलं, आईची इच्छा होती पुस्तक लोकांपर्यंत जावं, गठ्ठे उघडू का? मी म्हणालो उघडा. पुस्तक बाईंचंपण होतं, मी ते कोंडून कसं ठेवणार? पण मी खाली गेटवर जाऊन उभा राहिलो. वर हॉलमध्ये कागदांचा आवाज, पानं उलटल्याचा आवाज. लोक जिना उतरताना हातात पुस्तक घेऊन येत होते आणि मी रस्त्याकडं तोंड करून उभा होतो. कुणी खांद्यावर हात ठेवला तरी वळलो नाही. लोकांना वाटलं, म्हातारा रडतोय. रडतपण होतो, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून माझं पुस्तक सगळ्यांनी बघितलंय, मी सोडून. आमच्या मंडळीनं वाचलं, बोट ठेवून ठेवून. मी घरात शिरलो की ती ते साड्यांखाली सरकवते. नातीनं त्याला खाकी कव्हर घातलंय, शाळेच्या वहीला घालतात तसं, म्हणजे चुकून टेबलावर राहिलं तरी मला दिसू नये. बाजारात कुणी भेटतो, सांगतो, ते विहिरीचं काय भारी लिहिलंय. मी म्हणतो, हो का? एकदा भाजीवाली म्हणाली, "चित्रं किती गोड आहेत हो." मी म्हणालो, "आहेत म्हणतात." 

लोक म्हणतात, मी त्या दिवशी हट्ट करायला नको होता. सुटलं असतं पुडकं, मुलीनं फोनवर व्हिडिओ काढून बाईंना दाखवला असता. असेल. मला तसं वाटत नाही. बाईंनी चारचौघांत उघडायचं सांगितलं होतं आणि स्वतः समोर उभं राहून बघायचं सांगितलं होतं. त्यातलं अर्धं करून मला काय मिळालं असतं?

पण रात्री अंथरुणावर पडलो की दुसरंच मनात येतं, ते मी कुणाला सांगत नाही. बाईंनी आयुष्यात किती गाठी मारल्या असतील. साखरेच्या, डाळीच्या, पुस्तकांच्या. सगळ्या सुटल्या, सुटण्यासाठीच मारलेल्या होत्या. ही एकच राहिलीय. कपाटावर ठेवलेल्या त्या पुडक्यावर त्यांच्या हाताची शेवटची गाठ आहे. ती सुटली की दोऱ्याचा एक तुकडा उरेल आणि रद्दी. मग त्यांच्या हाताचं या जगात काय राहिलं?

मागच्या महिन्यात चिखलोलीच्या एका शाळेनं मला बोलावलं, लेखक म्हणून. मुख्याध्यापिकांना मी आधीच अट घातली, पोरांच्या हातात पुस्तकं असतील तर त्यांना खाकी कव्हरं घाला. त्यांनी कारण विचारलं नाही, घातली. मी गेलो तर पोरं बाकांवर आणि माझ्यासाठी खुर्ची. मी म्हणालो, सतरंजी आहे का? सगळे खाली बसलो.

वासराची गोष्ट झाल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, ते एवढं हळूहळू का मरतं? आम्हाला वाटत राहतं की वाचेल."

"एका बाईंनी सांगितलं होतं, घाई नको म्हणून."

"कोण बाई?"

मग मी त्यांना बाईंची गोष्ट सांगितली. पुडक्याची, गाठीची, हत्तीची, पार्किंगची. पोरं हत्तीला हसली.  मी पुस्तक बघितलेलंच नाही म्हटल्यावर एक पोरगा खुशीत म्हणाला, "मग मी सांगू? त्याचा पाय ना..."

"सांगू नकोस," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन. तो दचकला.

ती मुलगी सतरंजीवर पुढं सरकली. मग म्हणाली, "तुम्ही ते पुडकं इकडं घेऊन या ना. इथं सोडा. आम्ही पुस्तकाकडं बघणारच नाही. आम्ही ते बघितलंय. आम्ही सगळे तुमच्याच तोंडाकडं बघू."

 इतक्या पोरांसमोर माझा खालचा ओठ त्या हेडमास्तरांसारखा व्हायला लागला, म्हणून मी उठून उगाच सतरंजीचा कोपरा सरळ केला. "बघू," एवढंच म्हणालो.

घरी येऊन पुडकं कपाटावरून खाली काढलं. धूळ पुसली. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडलाय, गाठीला काही झालेलं नाही. अजून तशीच घट्ट आहे. सुटं टोक बाईंनी उजव्या बाजूला काढून ठेवलंय, माझ्या हाताला येईल असं. मी बोट लावलं आणि काढून घेतलं. ते कपाटावर परत ठेवलं नाही. दारामागं माझी पिशवी असते, बाहेर जाताना घेतो ती. तिच्यात ठेवलंय.